बंदी शाळेची, नेम घराचा



'विद्यार्थी' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण त्याची फोड करून पाहत नाही. विद्या आणि अर्थी अशी त्यात दोन पदे आहेत. अर्थी म्हणजे मागणारा. विद्या मागायला जो दारात उभा राहिला तो विद्यार्थी. आता मागणाऱ्याचे लक्षण काय? त्याचे डोळे दाराकडे लागलेले असतात. आतून कोणी येते काय, झोळीत काय पडते, एवढेच त्याच्या चित्तात असते. तो जर रस्त्यावरच्या माकडवाल्याचा खेळ पाहत उभा राहिला, तर घरधनीण सुपात पीठ घेऊन उंबऱ्यापर्यंत येते, याचकाची पाठ पाहते आणि तशीच आत जाते. घरात पीठ नव्हते असे नाही, देणारीला द्यायचे नव्हते असेही नाही. घेणाराच जागेवर नव्हता.

आज गावोगाव हेच चालले आहे. शाळेला इमारत आहे. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पुस्तके फुकट मिळतात. फळ्यापाशी गुरुजी उभे आहेत. मुलगाही बाकावर बसलेला आहे, हजेरीपटावर त्याची हजेरी लागली आहे. पण चित्त हजर नाही. ते दप्तरातल्या फोनमध्ये गुंतले आहे, आणि फोन घरी ठेवून आला असेल तर घरच्या फोनमध्ये गुंतले आहे. सूप घेऊन आलेली विद्या त्याची पाठ पाहून परत जाते.

कोणी म्हणेल, "बुवा, तुम्ही कीर्तनकार. नाम सांगा, संतांची चरित्रे सांगा. फोनचा विषय मास्तरांचा, तो तुम्ही कशाला घेता?" घेतो तो एवढ्यासाठी की सप्ताहात कीर्तन संपले, आरती झाली, की माणसे पाया पडायला येतात तेव्हा मनातले बोलतात. पूर्वी पावसाचे, विहिरीच्या पाण्याचे, मुलीच्या लग्नाचे विचारीत. आता त्यात एक प्रश्न हमखास असतो : "म्हाराज, पोरगं मोबाइल सोडत न्हाई. काय करावं?" विचारणारी माउली रडवेली झालेली असते. ज्या प्रश्नाने घराघरांत डोळ्याला पाणी आले आहे, तो प्रश्न कीर्तनाच्या गादीला परका कसा म्हणावा?

शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावा, तोही प्रामाणिकपणे मांडावा, मग उत्तर द्यावे. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून सांगायचे आणि मग त्याला पाडायचे, यात पुरुषार्थ नाही. तेव्हा फोनच्या बाजूने जे म्हटले जाते ते प्रथम ऐकू.

पहिली शंका अशी : फोन हे ज्ञानाचे साधन आहे. मार्च २०२० मध्ये महामारीने शाळा बंद झाल्या तेव्हा याच फोनवरून अभ्यास पोचला. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात, त्यावर फोन धरला की धडा बोलू लागतो. मग असे साधन मुलाच्या हातून काढून का घ्यावे?

ही शंका खोटी नाही. परंतु आमच्या शास्त्रात कोणताही ग्रंथ हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. अधिकारी कोण, विषय काय, संबंध कोणता आणि प्रयोजन काय? ग्रंथ उत्तम असला तरी वाचणारा अधिकारी नसेल तर तो वाया जातो. हीच चार मापे फोनला लावून पाहा. हातात धरणारा किती वर्षांचा आहे? तो पाहतो काय? जे पाहतो त्याचा त्याच्या अभ्यासाशी संबंध किती? आणि पाहून झाल्यावर हाती काय लागले? ग्रामीण भागातील शिक्षणाची देशभर पाहणी करणारा 'असर' अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०२४ सालची स्थिती आहे. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असे सांगणारी मुले सुमारे ५७ टक्के निघाली, आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारी सुमारे ७६ टक्के. म्हणजे साधन ज्ञानाचे खरे, पण प्रयोजन बहुतेक वेळा दुसरेच. सुरीने भाजी चिरता येते म्हणून कोणी पाळण्यात सुरी ठेवीत नाही.

दुसरी शंका : मुलगी तीन कोस लांबच्या शाळेत एसटीने जाते. गाडी चुकली, उशीर झाला, तर आईबापांनी काय करावे? तिच्याजवळ फोन नको काय?

ही शंका मला फार मोलाची वाटते, कारण ती चैनीसाठी काढलेली नाही, काळजीतून आली आहे. तिचे उत्तर न्यायालयानेच देऊन ठेवले आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितले की शाळेत फोनला सरसकट मनाई करणे इष्टही नाही आणि चालण्यासारखेही नाही. पण म्हणून मोकळीक दिली असे नाही. जेथे सोय असेल तेथे शाळेत शिरताच फोन जमा करून घ्यावा, घरी जाताना परत द्यावा, वर्गात त्याचा वापर होऊ देऊ नये, आणि नियम करताना पालक-शिक्षकांचा विचार घ्यावा, असे मार्ग त्यात सांगितले आहेत. बाळगणे वेगळे आणि वापरणे वेगळे, हा त्यातला विवेक. देवळात जाताना वहाण बाहेर काढून ठेवतो, तेव्हा आपण वहाणेचा तिरस्कार करीत नाही. दर्शन झाल्यावर तीच घालून घरी जातो. शाळेच्या दारात फोनचे तेच करावे. मुलीची पाठराखणही होते आणि वर्गाचे पावित्र्यही राहते.

तिसरी शंका तरुण मंडळी काढतात : "जग पुढं चाललंय महाराज, आपली पोरं मागं राहतील." तर जग कोठे चालले आहे ते पाहू. फ्रान्स देशाने २०१८ साली कायदा करून सुमारे पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोनला मनाई केली. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गांतून फोन बाहेर काढले. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये तसा कायदा केला. दक्षिण कोरिया हा तर फोन तयार करून जगाला विकणारा देश. त्या देशाने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला की मार्च २०२६ पासून वर्गात फोन चालणार नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवू देणे बंद केले. युनेस्कोने २०२३ च्या अहवालात नोंदवले होते की जगातील साधारण दर चार देशांपैकी एका देशात शाळेतील फोनवर बंदी आहे, आणि पुढे ही संख्या वाढतच गेली. जे पुढे गेले ते थोडे थांबून मागे वळून पाहत आहेत. आपण मात्र त्यांनी उतरवलेले ओझे डोक्यावर घेऊन धावतो आणि त्याला प्रगती म्हणतो.

असो. पूर्वपक्ष झाला. आता मूळ रोगाकडे वळू. मुलगा फोन सोडत नाही, तो का सोडत नाही? तो हट्टी आहे, वांड आहे, संस्कार कमी पडले, असे आपण चटकन म्हणतो. थोडे थांबावे. दोष एकट्या मुलावर टाकणे हा अन्याय होईल.

आपल्या सप्ताहातली पंगत डोळ्यांपुढे आणा. वाढपी भाताचे पातेले घेऊन ओळीने येतो. जेवणाऱ्याचे पोट भरले की तो पत्रावळीवर आडवा हात धरतो आणि म्हणतो, "पुरे." वाढपी तो हात पाहतो आणि पुढे सरकतो. आग्रह झाला तरी एक घास, फार तर दोन. आता असा वाढपी कल्पा की ज्याला आडवा हात दिसतच नाही. तुमचा घास संपायच्या आत तो दुसरा वाढतो, विचारीत नाही. पत्रावळ कधी रिकामी दिसतच नाही. शिवाय तुम्हाला काय आवडले हे तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या खेपेला तेच आणतो. चार घास बेचव, मग एकदम एक गोड. त्या गोडाच्या आशेने पुढचे चार बेचव घास तुम्ही गिळता. अशा पंगतीतून कोण उठेल? मोठा माणूस उठणार नाही, तेथे बारा वर्षांचे पोर कसे उठावे?

फोनमधली लहान लहान चित्रे अशीच वाढली जातात. बोट वर सरकवले की दुसरे, पुन्हा सरकवले की तिसरे, तळ म्हणून नाहीच. ही न संपणारी यादी २००६ साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकन संगणक-रचनाकाराने योजली, आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. वाढपी इतका उदार का? कारण येथे जेवणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत, जेवणाराच विकला जातो. तुमचे पोर जितका वेळ पडद्यापुढे बसेल तितक्या जाहिराती त्याच्या डोळ्यांपुढून जातील, आणि त्या जाहिरातींचा पैसा वाढप्याच्या धन्याला मिळेल. पोराची नजर हा येथे विक्रीचा माल आहे, हे आईबापांनी नीट समजून घ्यावे.

विषयाचे चिंतन केले की त्याची आसक्ती जडते, आसक्तीतून हाव, हाव अडली की क्रोध, आणि क्रोधाने विवेक जातो, असा क्रम गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितला आहे. हा अध्याय मी पाठशाळेत पाठ केला तेव्हा तो क्रम मला तपस्व्यांसाठी सांगितल्यासारखा वाटे. आज तो कोणत्याही घरात संध्याकाळी सात वाजता पाहायला मिळतो. फोन हातातून घेतला की पोराच्या डोळ्यांत जो अंगार येतो, तो त्या क्रमातला क्रोध आहे.

आता शाळेने मर्यादा का घालावी? घरोघरी ज्याने त्याने पाहून घ्यावे, असे का नको? याचे उत्तर आमच्या संथेत आहे. पाठशाळेत गुरुजी एक चरण सांगत आणि शिष्यांनी तो ठरलेल्या वेळा म्हणायचा, याला संथा म्हणतात. पाच मुलांत एकाने मधेच खुदकन हसावे, की पाचांचाही स्वर मोडे आणि गुरुजी म्हणत, "पहिल्यापासून." चूक एकाची, खोळंबा पाचांचा. टाळकऱ्यांच्या रांगेत एकाचा ठेका सुटला तर साऱ्या भजनाचा रंग उतरतो, हे तुम्हा वारकऱ्यांना मी काय सांगावे!

वर्गाचेही तसेच. २०२२ साली अनेक देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची परीक्षा झाली. तिच्या पाहणीत प्रगत देशांतील सरासरी ५९ टक्के मुलांनी सांगितले की गणिताच्या निदान काही तासांना दुसऱ्या मुलांच्या फोन-संगणकामुळे आमचे लक्ष उडते. फोन शेजाऱ्याचा, अभ्यास बुडाला याचा. आणि युनेस्कोच्या त्याच अहवालात असेही आहे की एकदा उडालेले चित्त पुन्हा पाठावर बसायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तास असतो तीस-चाळीस मिनिटांचा. दोनदा फोन खणाणला की तो तास गेलाच. म्हणून हा विषय ज्याच्या त्याच्या मर्जीचा राहत नाही, तो साऱ्या रांगेचा होतो. इंग्लंडमधील शाळांच्या २०१५ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की फोनला मनाई केल्याचा लाभ अभ्यासात मागे असलेल्या मुलांना सर्वांत अधिक झाला. हुशार मुलगा कसाही तरून जातो. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही, ज्याची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, त्या मुलाला शाळेतले ते पाच-सहा तास हीच सारी पुंजी. ती पुंजी राखणे हा शाळेचा धर्म आहे.

तर मग सिद्धांत झाला काय, की शाळेने बंदी घालावी आणि आपण निश्चिंत व्हावे? नाही. येथेच खरी गोम आहे.

'पिसा'च्याच नोंदीत असे आहे की जेथे बंदी आहे त्या शाळांतही २९ टक्के मुले दिवसातून अनेक वेळा फोन वापरत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या मंडळींनी तीस शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कडक नियमांच्या शाळांतील मुले आणि सैल नियमांच्या शाळांतील मुले, यांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना फरक दिसला नाही. कारण एकूण वापर घटलाच नव्हता. शाळेत वाचलेला वेळ घरी भरून निघत होता. मात्र ज्या मुलांचा दिवसभराचा वापर अधिक, त्यांची झोप, वागणूक आणि मन अधिक बिघडलेले, हेही त्याच अभ्यासात दिसले. याचा अर्थ बंदी निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. वर्गातले चित्त राखायला बंदी हवीच. पण पोर राखायला नुसती बंदी पुरत नाही.

बंदी आणि नेम यांत भेद आहे. बंदी बाहेरून येते, नेम आतून येतो. बंदीला पहारेकरी लागतो आणि पहारेकरी वळला की ती संपते. नेमाला स्वतःचे मनच साक्षी असते. आपण एकादशी धरतो. अन्न वाईट म्हणून धरतो काय? अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणणारे लोक. पंधरा दिवसांतून एकदा त्या अन्नालाही "आज नको" म्हणता आले पाहिजे, जिभेची मालकी आपली आहे हे तिला कळले पाहिजे, म्हणून एकादशी. ज्याला 'नको' म्हणता येते त्याचेच 'हवे' खरे. आणि आणखी एक पाहा. घरातल्या मोठ्यांनी पिठले-भाकरी खात बसायचे आणि पोराला म्हणायचे, "तू उपास धर," अशी एकादशी कोणत्या घरात होते? मोठी माणसे धरतात, त्यांचे पाहून लहान धरते, आणि कोणी न सांगता आग्रह करते, "मलापण उपास!"

फोनचा उपास मात्र आपण फक्त पोराला सांगतो. बाप जेवताना फोन पाहतो, आई चुलीपाशी मालिका लावते, आजोबा ओट्यावर पुढाऱ्यांची भाषणे ऐकतात, आणि तिघेही पोरावर ओरडतात, "ठेव तो मोबाइल!" आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाने जे केले ते सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. टाळेबंदीत मुलांच्या हाती फोन आले ते शाळा उघडल्यावरही सुटेनात, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एकत्र बसून ठरवले. भैरवनाथाच्या देवळावर भोंगा बसवला. रोज संध्याकाळी सातला तो वाजतो, की घरोघरी दूरदर्शन आणि फोन बंद व्हायचे. साडेआठला पुन्हा वाजतो, तोवर मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. प्रारंभी काहींना हसू आले. पण गावातल्या स्त्रियांनी मनावर घेतले, अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगू लागले. या योजनेतले मर्म कशात आहे? भोंगा मुलांसाठी वेगळा वाजत नाही, साऱ्या गावासाठी वाजतो. दीड तास बापही उपाशी आणि पोरही उपाशी. म्हणून ती बंदी राहिली नाही, तिचा नेम झाला. काकडआरतीला घंटा वाजते आणि गाव जागे होते, तशीच ही घंटा.

आमच्याकडे देहलीदीपन्याय सांगतात. उंबऱ्यावर दिवा ठेवला की तो घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. फोनची मर्यादा अशी उंबऱ्यावर ठेवली पाहिजे, शाळा आणि घर यांच्या मधोमध. नुसत्या शाळेत ठेवली तर घरी अंधार.

आता कृतीला उतरू. पाच नेम सांगतो. हे जड नाहीत, आणि यांना पैसा लागत नाही.

पहिला नेम : पाळण्यातल्या मुलाला फोन दाखवून भरवू नये. चिखलात पाय घालून मग धूत बसण्यापेक्षा चिखलात न जाणे बरे, हा पंकप्रक्षालनन्याय येथे धरावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालील मुलाला पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, कमी तितके बरे.

दुसरा नेम : जेवताना आणि दिवेलागणीला घरातील कोणाच्याच हातात फोन नसावा. मोठ्यांनी आधी ठेवावा, मग मुलांना सांगावे. देवापुढे दिवा लावताना फोन एका फळीवर ठेवून द्यावे.

तिसरा नेम : रात्री फोन मुलाच्या उशाशी नसावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. उशाशी फोन असला की ती मिळत नाही, आणि झोप न झालेले पोर सकाळी वर्गात पेंगते. घरात सर्वांचे फोन रात्री एकाच जागी ठेवावेत.

चौथा नेम शाळांसाठी आहे, आणि गुरुजींच्या पाया पडून सांगतो. शाळेत फोन आणू नका असे मुलांना बजावायचे आणि गृहपाठ मात्र व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, हे परस्परविरुद्ध आहे. गृहपाठ फळ्यावर लिहावा, मुलांनी वहीत उतरवावा. मुलाला फोन मागायला 'अभ्यास आलाय' हे निमित्त शाळेनेच पुरवू नये. गुरुजींना माहिती भरायला, हजेरी पाठवायला फोन हाती घ्यावा लागतो हे मी जाणतो. ते काम वर्गाबाहेर होईल तितके बरे. आणि एखाद्या मुलाला निरोप द्यायचा असेल तर शाळेचा एक फोन सर्वांना खुला असावा, म्हणजे आईबापांची काळजी मिटेल.

पाचवा नेम सर्वांत महत्त्वाचा. फोन काढून घ्याल तेव्हा त्या जागी काहीतरी द्या. रिकामे मन रिकामे राहत नाही. तालीम द्या, विटीदांडू द्या, रानात बरोबर न्या, गोष्ट सांगा, पखवाजावर हात बसवू द्या. ज्या पोराच्या बोटांना मृदंगाच्या शाईची गोडी लागली, त्याच्या बोटांना काचेवर सरकायला फुरसत कमी मिळते. बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांना जवळचे दिसून लांबचे न दिसण्याचा नेत्रदोष कमी होतो, असेही नेत्रवैद्य सांगतात.

आता एका माउलीचे सांगितल्यावाचून राहवत नाही. ऊसतोडीला जाणारी बाई. पोराला गावी आजीपाशी ठेवून ती आणि मालक सहा महिने फडावर असतात. पोराशी बोलता यावे म्हणून उचलीतून फोन घेतला. पोर नववीत. ती म्हणाली, "म्हाराज, फोन दिला म्हणून त्याचं तोंड तरी दिसतं. पण आता आजीला जुमानत न्हाई, रातभर बघत बसतो. हिसकून घ्यावा तर म्हणतो, जिवाचं काय तरी करून घेईन. मी काय करू?" सभामंडपात बसलेल्या कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. जिचे पोराशी एकुलते नाते त्या फोनच्या तारेवर लोंबकळते आहे, तिला 'फोन फेकून दे' म्हणणे फार सोपे, पण त्यात दया नाही.

अशा घरांना माझे सांगणे असे. हिसकावू नये. व्यसन एका झटक्याने तोडायला गेले की पोर बिथरते. आज रात्रीचा एक तास कमी, आठ दिवसांनी आणखी एक, असे पोराला विचारून, त्याच्याच तोंडून कबूल करून घेऊन कमी करावे. अभ्यासाने आणि वैराग्याने मन आवरते असे भगवंत सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा, थोडे थोडे. आईने फडावरून रोज ठरल्या वेळी बोलावे, म्हणजे फोनला काही प्रयोजन राहील. आणि पोर जिवाचे बोलू लागले तर ते नाटक समजू नये, त्याला एकटे सोडू नये, त्याच्यावर ओरडू नये, वैद्याला दाखवावे. सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मनाच्या दुखण्याचा सल्ला मिळतो. देवाला नवस बोला, पण हा क्रमांकही लिहून ठेवा. आणि गावकऱ्यांनो, ज्यांचे आईबाप फडावर आहेत ती पोरे साऱ्या गावाची आहेत. संध्याकाळी हरिपाठाला त्यांना हाका मारून आणा, देवळात दिव्याखाली अभ्यासाला बसवा. गावात चार जुने शिक्षक असतात, त्यांना पुण्य लागेल.

शेवटी आपल्यासाठी दोन शब्द. वारीच्या वाटेवर फोनचा उपयोग होतो. चुकलेला वारकरी सापडतो, दिंडीचा मुक्काम कळतो, आजाऱ्याला गाडी बोलावता येते. त्याला नाही म्हणू नये. पण रिंगण सुरू असताना अश्व डोळ्यांनी पाहायचा की काचेतून, याचा विचार प्रत्येकाने करावा. दिंडीत चालणारी पोरे मोठ्यांकडे पाहत असतात. आम्हा कीर्तनकारांची कीर्तनेही फोनवर ऐकली जातात, अवश्य ऐका. कीर्तन संपले की मात्र फोन खाली ठेवा. त्यानंतर तो वाढपी काय वाढील याचा नेम नाही.

तात्पर्य एवढेच. शाळेने उंबऱ्यावर थांबवावे, घराने हाती धरावे, गावाने घंटा वाजवावी. येत्या एकादशीला पोटाच्या उपासाबरोबर डोळ्यांचाही थोडा उपास करून पाहा. दिवेलागणीपासून निजेपर्यंत घरातले सारे फोन फळीवर ठेवा, आणि पोराला जवळ घेऊन विचारा, आज शाळेत काय शिकलास? पहिल्या दिवशी ते बोलणार नाही. दुसऱ्या एकादशीला बोलेल. विद्या सूप घेऊन दारात उभीच आहे; तिच्याकडे पोराचे तोंड वळवणे एवढेच काम आपल्याकडे आहे, आणि ते काम करायचे बळ पांडुरंगाने सर्व माउलींना द्यावे.

रामकृष्णहरी.